वगळलेल्यांच्या घरी जाणारा माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लबचे प्रमुख, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, क्लबचे आजी-माजी खेळाडू, उन्हापावसात मैदानावर राबणारे सगळे कर्मचारी, वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी, जागा न मिळाल्यामुळे जिन्यावर दाटीवाटीने उभे असलेले क्रीडारसिक, माझ्या माहेरची आणि सासरची माणसं, आणि मघापासून मान खाली घालून स्वतःच्या बुटांच्या नाड्या न्याहाळत बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

"वहिनी, तुम्ही फक्त दोन शब्द बोला," असं मला चिटणीसांनी सांगितलं होतं. मी ते दोन शब्द पाठ करूनही आले होते. चांगले होते हो! पण माझ्या आधी अध्यक्षसाहेब बोलले आणि माझ्या पाठांतराचे तीनतेरा वाजले. ज्यांना मागे नीट ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपण इथे जमलो ते निरोप द्यायला. पुष्पगुच्छ आणला, चांदीचा फुटबॉल करून घेतला, मला एक मोठी फुलदाणी दिली. आणि भाषणाच्या शेवटी अध्यक्षसाहेब म्हणाले, "निरोप कसला? साहेबांनी आणखी एक हंगाम थांबावं. करार तयार आहे. उत्तर त्यांनी आज इथेच, या माईकवरून द्यावं." आपण सगळे उभे राहिलात. टाळ्या थांबता थांबेनात. आणि हे? हे नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर "सत्काराला उत्तर" आहे. म्हणजे मी खाली बसले की हे उठणार, आणि राहणार की जाणार ते सांगणार. काय सांगणार ते मला ठाऊक नाही. आपल्याला वाटेल, बायकोला ठाऊक नाही असं कसं होईल? होतं, मंडळी. आमच्याकडे हे असंच होत आलंय. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. चिटणीससाहेब, घड्याळाकडे बघू नका, दोन शब्दांत भागणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी जन्मभर इस्पितळात नर्स होते, निवृत्त झाले तेव्हा मेट्रन होते. मागच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात हे रेषेजवळ गवतावर बसले, तेव्हा सगळ्या स्टेडियमला वाटलं, पंचांवर रुसून बसले. लोक हसले. काहींनी शिट्ट्या मारल्या. पण बसलेला माणूस कोणता आणि कोसळलेला कोणता, हे मला लांबून कळतं. मी गॅलरीतून कशी खाली आले ते मला आजही आठवत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी नंतर सरळ सांगितलं, "मॅनेजरसाहेब, घरात बसून टीव्हीवर सामना बघायची परवानगीसुद्धा मी भीतभीतच देतोय." तेव्हा आपण ज्या एका हंगामासाठी टाळ्या वाजवल्यात, तो माझ्यासाठी काय आहे, हे लक्षात घ्या. मला हा माणूस घरी हवा आहे. जिवंत हवा आहे. यात लाजायचं काही आहे असं मला वाटत नाही.

ह्यांची कारकीर्द आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर मांडली. तळाच्या श्रेणीतला क्लब, गुडघाभर चिखलाचं मैदान, कपडे बदलायच्या खोलीत गळकं छप्पर, तिथून वरच्या श्रेणीपर्यंतची चढण, मग अजिंक्यपद, मग परदेशातले सामने. एका वक्त्यांनी ह्यांना सेनापती म्हटलं, एकांनी दीपस्तंभ म्हटलं. घरी ह्यांना गिझर लावता येत नाही, ते असो. सगळं खरंच आहे. मात्र ज्या एका गोष्टीमुळे मला हा माणूस कळला, आणि ज्या गोष्टीपायी मी त्यांच्यावर आयुष्यभर चिडले, ती इथे कुणी सांगितली नाही. कदाचित ती बोलण्याजोगी वाटली नसेल.

तुमच्यापैकी जे खेळाडू आहेत त्यांना तो फळा आठवत असेल. उपाहारगृहाच्या बोळातला, काळा, एका कोपऱ्यात फुटलेला. सामन्याच्या दिवशी सकाळी हे त्यावर खडूने अकरा नावं लिहीत आणि हात झटकत निघून जात. ज्यांची नावं तिथे असत त्यांना हे कधीही काही सांगत नसत. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही, "तयार राहा" सुद्धा नाही. एकदा मी विचारलं, "अहो, पहिल्यांदाच खेळतोय तो मुलगा, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे की." हे म्हणाले, "संघात असलेल्याला काय सांगायचं? तो संघात आहे."

पण ज्याला वगळलं असेल, त्याला मात्र तो फळा वाचून कळता कामा नये, हा ह्यांचा नियम. आदल्या दिवशी हे स्वतः त्याच्या घरी जात. घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला असो, पाऊस असो, अंगात ताप असो. फोन नाही, निरोप नाही, दुसऱ्या कुणाला पाठवणं नाही. जायचं, दार वाजवायचं, आत जाऊन टोपी काढायची, खुर्ची ओढून त्याच्या इतक्या समोर बसायचं की गुडघ्याला गुडघा लागेल, आणि दोन्ही हात हातात घेऊन पहिल्याच वाक्यात सांगायचं, "उद्या तू नाहीस." दुसऱ्या वाक्यात कारण. तोपर्यंत चहाला हात लावायचा नाही. "सांगायच्या आधी चहा घेतला तर तो फसवून घेतल्यासारखा होतो," असं ह्यांचं म्हणणं.

हे वेड आलं कुठून? तेही सांगते, कारण ते मला सासूबाईंकडून कळलं. ह्यांच्याकडून कळायचं म्हणजे आनंदच. हे स्वतः खेळाडू म्हणून बेताचेच होते. ह्यांना राग येणार नाही, हे स्वतःच म्हणतात, "मी धावायचो खूप, पोहोचायचो कुठेच नाही." तर अशाच एका मोठ्या सामन्याला सासरे आणि सासूबाई दोन बस बदलून मुलाचा खेळ बघायला आले. सासऱ्यांनी लग्नातला कोट घातला होता. आणि ह्यांनी बोळात जाऊन फळा वाचला तर नाव नाही. पुन्हा वाचला. खालून वर वाचला. शेवटी कपडे धुणाऱ्या बाई बादली खाली ठेवून म्हणाल्या, "अरे लेकरा, किती वेळा वाचशील? नाही त्यात." मागे सासरे कोट घालून उभे. त्यांनी ते ऐकलं. आपण सांगायच्या आधी बापाला परक्या माणसाच्या तोंडून कळलं, हे ह्यांच्या मनात जे बसलं ते बसलं.

आता नियम चांगलाच आहे, पण तो पाळताना काय काय झालं, ते माझ्याकडून ऐका. आपला उंच गोलकीपर, ज्याला सगळे 'ताडोबा' म्हणतात, बसलाय बघा तिथे खांबाआड, लपू नकोस रे, तो राहायचा सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. हे चढून गेले, दार वाजवलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. नुसता श्वास. ताडोबानेच ह्यांना आत नेलं, पाणी पाजलं, पंखा लावला आणि म्हणाला, "कळलं साहेब, उद्या मी नाही. तुम्ही आधी बसा." तरी हे श्वास जमवून पूर्ण वाक्य बोललेच. नियम म्हणजे नियम! मी तेव्हा हसले होते. तो दम कशाचा होता हे मला, नर्स असून, तेव्हा कळायला हवं होतं.

एका आघाडीच्या खेळाडूने ह्यांच्या तोंडावर दार आपटलं. त्याचं नाव मी घेत नाही, तो आज इथे आला आहे आणि पहिल्या रांगेत बसून डोळे पुसतोय. हे जिन्यात बसून राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं, वसुलीला आलेत. त्या म्हणाल्या, "ते घरी नाहीत, गावाला गेलेत." आतून हा ओरडला, "आहे मी घरात!" मग काय, उघडावंच लागलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मंडळी, हे कुणाच्या घरी सुखाने जाऊच शकेनात. एका मुलाला पहिली मुलगी झाली. मी म्हटलं, "चला, बाळ बघून येऊ." मी झबलं घेतलं, ह्यांनी मिठाई घेतली. दार त्या मुलाच्या आईने उघडलं. समोर हे. त्या माउलीने कपाळाला हात लावला आणि मटकन खालीच बसली. "साहेब, त्याच्या घरात आजच आनंद झालाय हो, आजच्या दिवस तरी थांबायचं होतं!" मी झबलं पुढे करतेय, हे मिठाईचा पुडा दाखवतायत, पण तिचं रडं थांबेना. तेव्हापासून हे आपणहून लग्न-बारशांना गेले नाहीत. एका लग्नाला मी आग्रहाने नेलं तर ह्यांना मांडवात बघून नवरदेव पांढराफटक. लोकांना वाटायचं, मोठा माणूस, शिष्ट आहे, येत नाही कुठे. शिष्ट नव्हते. आपण दारात उभे राहिलो की लोकांच्या पोटात गोळा येतो, हे ह्यांना ठाऊक होतं.

आता मी आमच्या मुलाबद्दल बोलणार आहे. त्याची परवानगी काढली आहे. तो म्हणाला, "आई, बोल, पण मला उभं करू नकोस." करत नाही.

तो याच क्लबात बचावपटू होता, डाव्या बाजूला. बापाच्या हाताखाली खेळणं सोपं नसतं. तो चांगला खेळला तर लोक म्हणायचे, "खेळणारच, घरचा आहे." वाईट खेळला तर म्हणायचे, "खेळणारच, घरचा आहे!" तरी त्याने जागा कमावली होती. त्या वर्षी आपण पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचलो. आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. जेवणं झाली. हे उठले, हात धुतले, बूट घातले, कोट घातला, टोपी घेतली आणि बाहेर गेले. मला वाटलं, निघाले कुणाच्या तरी घरी, बिचाऱ्याच्या. मी भांडी घासायला घेतली.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. साबणाचे हात तसेच घेऊन मी दार उघडलं तर हे उभे. म्हटलं, "काय विसरलात?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पहिल्यांदाच बघतायत, आणि विचारलं, "आहे का तो घरात?"

"अहो, आत्ता तुमच्यासमोर जेवत होता की!"

हे आत आले, टोपी काढली, खुर्ची ओढली, मुलाच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसले. त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "उद्या तू नाहीस. आत वळताना तू अर्धं पाऊल उशीर करतोस आणि त्यांचा तो उजव्या बगलेचा पोरगा तेवढ्यात निघून जाईल."

मुलगा मग हळूच म्हणाला, "हे तुम्ही साहेब म्हणून सांगताय की बाबा म्हणून?"

हे म्हणाले, "तुझे बाबा अजून घरी आलेले नाहीत."

उठले, टोपी घातली, बाहेर गेले, दार ओढून घेतलं. जिना उतरतानाची पावलं ऐकू आली. मुलगा खुर्चीत तसाच. मी दारात तशीच. थोड्या वेळाने कुलपात किल्ली फिरली. "आलो गं," म्हणत हे आत आले, कोट खुंटीला लावला, आणि मुलाकडे बघून म्हणाले, "काय रे, काय झालं?"

तो म्हणाला, "बाबा, मला उद्याच्या संघातून काढलं."

"कोणी?"

"आले होते एक जण."

"वाईट झालं रे," असं म्हणून ह्यांनी त्याला जवळ घेतलं. एवढा बाप्या मुलगा, दाढी आलेला, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. हेही रडले. आणि मी बाजूला उभी, या माणसाला आता चांगलं झोडपावं की चहा द्यावा, मला कळेना. शेवटी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी आपण हरलो, हे आपल्याला माहीत आहे. गोल कुठून झाला हेही माहीत आहे. डाव्या बाजूने. वर्तमानपत्रांनी ह्यांना सोलून काढलं, म्हणे पोराला बसवून न्यायीपणा मिरवायला गेले आणि चषक घालवला. हे एवढंच म्हणाले, "निवड माझी होती." आणि आमच्या मुलाने आजतागायत "बघा, मी असतो तर" हे वाक्य उच्चारलं नाही. पुढे त्याने फुटबॉल सोडला. आता तो वाहन परवान्याची परीक्षा घेतो. लोकांना समोरासमोर नापास करतो, कारणासकट. बापाचा वारसा काही अगदीच वाया गेला नाही!

टाळ्या नकोत. माझी तक्रार अजून यायची आहे.

एवढा हा माणूस. कालपरवा आलेल्या राखीव खेळाडूला वाईट वाटू नये म्हणून सात मजले चढणारा. आणि मला? मला ह्यांनी आयुष्यात काय समोर बसवून सांगितलं? काही नाही, हो. काहीसुद्धा नाही! ह्यांनी कारखान्यातली नोकरी सोडून या क्लबाचं काम पत्करलं, ते मला दूधवाल्याने सांगितलं. म्हणाला, "ताई, अभिनंदन, आता फुकट पास मिळतील ना?" मी म्हटलं, "कसले पास?" परदेशातल्या त्या बड्या क्लबाने ह्यांना बोलावलं आणि ह्यांनी नकार दिला, ते मला रेडिओवर कळलं. मी तेव्हा रुग्णाचा रक्तदाब मोजत होते, माझाच वाढला. छातीत दुखतं म्हणून हे माझ्याच इस्पितळात, माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर महिनोन्महिने डॉक्टरांकडे जात होते. ते मला लिफ्टवाल्याने सांगितलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं, मला ठाऊकच असणार. "सिस्टर, साहेबांची तब्येत आता कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे." आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. राग आला होता म्हणून रडले. जगातल्या सगळ्या बोळांमधले फळे मी वाचत फिरले आणि माझ्या घरी कुणी सांगायला आलं नाही.

भांडले का? भांडले की. हे ऐकून घेत आणि म्हणत, "तुला काय सांगायचं?" बस्स. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. तुला काय सांगायचं! म्हणजे मी कोण? भिंत?

म्हणून आज, या भरल्या सभेत, मी मागणं मागणार आहे. अध्यक्षसाहेब, तुम्ही करार पुढे केलात, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही क्लबाचं बघणार. निर्णय ह्यांचा आहे. राहायचं असेल तर राहतील. मी औषधांचा डबा घेऊन बाकावर येऊन बसेन, दुसरं काय करणार? पण अहो, जे काही ठरवलं असेल ते आज मला आधी सांगा. या माईकवर जायच्या आधी. इथे माझ्यासमोर बसा आणि सांगा. ताडोबाला सांगितलंत, दार आपटणाऱ्याला सांगितलंत, पोटच्या पोराला पाहुणा होऊन सांगितलंत. एकदा मला सांगा. हजार लोकांबरोबर टाळ्यांच्या आवाजात मला कळू देऊ नका. एवढंच मागते. मी थांबते इथे.

हे उठले. मंडळी, जरा शांत राहा, त्यांना येऊ द्या. सावकाश या, वायर आहे तिथे.

अहो... इकडे. मी इकडे आहे.

मंडळी, हे माझ्या समोरून पुढे गेले.

मागे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे अध्यक्षसाहेबांच्या खुर्चीपाशी थांबले आहेत. टोपी काढली. पाहुण्यांची रिकामी खुर्ची ओढली. बसले, अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून. अध्यक्षसाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आहेत. काय बोलतायत ते मला ऐकू येत नाही, माईक माझ्याकडे आहे. अध्यक्षसाहेबांनी मघाशी चहा मागवला होता, तो ह्यांनी बाजूला सारला.

अध्यक्षसाहेबांचा चेहरा बघा. हा चेहरा मला ओळखीचा आहे. ह्यांच्याबरोबर एकदोनदा दारापर्यंत मीही गेले होते, तेव्हा पाहिलेला आहे.

सांगून झालं. उठले. परत चालले आपल्या खुर्चीकडे. माझ्याशेजारून गेले, मंडळी, आणि मला काही सांगितलं नाही. एक अक्षर नाही.

थांबा जरा. मला पाणी द्या कुणीतरी.

वगळलेल्याच्या समोर जाऊन बसतात हे. संघातल्याला काही सांगत नाहीत. हे मघाशी मीच तुम्हाला सांगितलं, माझ्या तोंडाने, आणि इतकी वर्षं माझ्याच डोक्यात शिरलं नाही! "तुला काय सांगायचं?" अहो, मग तेव्हाच नीट फोड करून सांगायचं होतं की! मी किती रात्री भिंतीकडे तोंड करून झोपले, माहीत आहे? एका वाक्यात काम झालं असतं. नाही, हसू नका. याचा अर्थ माझी तक्रार मिटली असा नाही. त्या लिफ्टवाल्याबद्दल घरी गेल्यावर भांडण होणारच आहे, आणि या खेपेला मी जिंकणार आहे.

मी रडतेय हे मला माहीत आहे. रडू द्या.

अध्यक्षसाहेब, तुमच्या मनाला लागलं असेल. लागतंच. या सभागृहातला अर्धाअधिक माणूस तुमच्या जागी कधी ना कधी बसलेला आहे, त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. पण तुम्हाला फळ्यावरून कळलं नाही, हे विसरू नका. माझ्या नवऱ्याला ज्या क्लबाने आयुष्य दिलं, त्या क्लबाला त्यांनी आज समोर बसून 'नाही' सांगितलं, यात तुमचा मान आहे.

चिटणीससाहेबांच्या परवानगीने मी जाहीर करते की सत्काराला उत्तर देऊन झालेलं आहे. या समारंभासाठी झटलेल्या सगळ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांपासून माईकवाल्या दादांपर्यंत, आमच्या घरातर्फे मनापासून आभार. आपण ह्यांना डोक्यावर घेतलंत, कधी खाली आपटलंत, पुन्हा उचललंत. त्या सगळ्याबद्दल आभार. नर्सची जीभ आहे, इंजेक्शनसारखी टोचली असेल, बोलता बोलता कुणाच्या घरातलं चव्हाट्यावर आणलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता आपली रजा घेते. आम्हाला दोघांना घरी जायचं आहे.